पोळ्याच्या तोंडावर रंग

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की आमच्या गुहागरात पहिला प्रश्न येतो, "तिकडे काय आहे?" समुद्र नाही, म्हणजे त्यांच्या मते काहीच नाही. जाण्याआधी माझंही मत याहून फार वेगळं नव्हतं. मी निवृत्त चित्रकला शिक्षिका; लांबच्या प्रवासाचं नाव काढलं की माझे गुडघे आणि माझा नवरा, दोघंही कुरकुरतात. पण एका संस्थेचा फोन आला. पोलंडहून एक बाई येत आहेत, वऱ्हाडातल्या एका खेड्यात तीन आठवडे विनामोबदला चित्रकला शिकवणार आहेत, त्यांना मराठी येत नाही, दुभाषी म्हणून सोबत जाल का? म्हणजे फुकट काम करणाऱ्या बाईची फुकट मदतनीस, असा तो मान होता. घरात श्रावणातले उपास आणि पावसाची ओल दोन्ही मुक्कामाला होती. मी लगेच हो म्हणाले.

नांदुरा

योआना मला कल्याणला भेटली. पन्नाशीची, उंच, आणि कपाळाला सतत आठी. पोलंडमधल्या एका जुन्या कापडगिरण्यांच्या शहरात तिनं शाळेत चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं. तिच्या दोन बॅगांपैकी एक विमानानं भलतीकडे पोचवली होती. त्या बॅगेत चांगले कागद, ब्रश आणि तिचे सगळे कपडे होते. जी बॅग आली तिच्यात फक्त पोस्टर कलरच्या बाटल्या होत्या. त्यामुळे पुढचे तीन आठवडे ती माझे पंजाबी ड्रेस घालून फिरली. माझी सलवार तिच्या पोटरीपर्यंत यायची. गावातल्या बायकांना वाटलं, पोलंडात अशीच पद्धत असेल.

आमच्या दोघींचं इंग्रजी मिळून एकीचं पुरं होत होतं, त्यामुळे भांडणं मात्र झाली नाहीत.

नांदुऱ्याला आम्हाला घ्यायला गजाननभाऊ आले होते. ज्यांच्या घरी राहायचं ते हे यजमान. गाव वरवट बकालच्याही पुढं आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले हेडमास्तर मला आवडले आणि त्यांना मी अडचणीत आणणार नाही. स्टेशनाबाहेर मी जीप शोधत होते. गजाननभाऊ एका लालभडक ट्रॅक्टरपाशी उभे होते. मागं ट्रॉलीत खताची पोती आणि पोत्यांवर आमच्यासाठी अंथरलेली गादी.

"जीप नाही का?" मी विचारलं.

"हाये ना घरी. पण खत न्याचंच होतं, अन् जीपमंदी बसल्यावर तुमी ट्रॅक्टर कवा पाहसान?"

योआनानं पोत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सलवार सावरत वर चढली. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन, मधून आमची वरात. भुरभुर पाऊस होता. गजाननभाऊ मागं वळून ओरडले, "लय पाऊस लागला ना मॅडम?" आमच्याकडे याला दव म्हणतात, पण पाहुण्यानं यजमानाच्या पावसाला नावं ठेवू नयेत म्हणून मी मान हलवली.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावरचं मडगार्ड पुसायला लागले. चिखल उडत होता, हे पुसत होते, पुढं गेल्यावर परत उडणार होता.

"नवा आहे वाटतं," मी म्हटलं.

"उन्हाळ्यात घेतला. बैलजोडी होती, थे इकून टाकली. ह्याले चारा नाही लागत, शेण नाही, रातच्याले हंबरत नाही."

"वाईट नाही वाटलं?"

"वाईट कायचं? जनावर हाये. जीव लावत बसलं तं शेती होते का, मॅडम?" असं म्हणून त्यांनी मडगार्डावर तोंडाची वाफ सोडली आणि एक डाग घासून काढला.

घर

गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा राहायचा. गव्हाण तशीच होती आणि तिच्यापुढचे दोन खुंटेही. सुनीतावहिनींना मी विचारलं, हे खुंटे पायात येत नाहीत का? "रोज म्हणतात उपटतो," त्या भाकरी थापताना म्हणाल्या, "उपटत नाहीत. माह्या तं दोनदा अंगठ्याले लागलं."

वहिनींना योआना हे नाव एक दिवस पुरलं. दुसऱ्या दिवसापासून ती ज्योत्स्नाबाई झाली आणि निघेपर्यंत ज्योत्स्नाबाईच राहिली. ज्वारीची भाकर तिला पहिल्या घासाला आवडली. मग ताटात ठेचा आला. "थोडसाकच घ्या हं," वहिनी म्हणाल्या. मी भाषांतर करेपर्यंत तिनं तो पालेभाजीसारखा चमचाभर घेऊन गिळला होता. पुढचा काही वेळ भारत आणि पोलंड यांचे संबंध ताणलेले होते. वहिनींनी तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, पाठीवर हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "इच्या देशात मिरची नाही का हो ताई? मंग लोकं भाकर कशासंगं खातात?"

घरातली तिसरी व्यक्ती वैष्णवी, सहावीतली. दोन वेण्या, कमी बोलणं आणि पेन्सिलीला असं टोक की सुई लाजेल. इथं मुलीसुद्धा "मी जातो, मी येतो" म्हणतात. मला पहिल्या दिवशी दचकायला झालं, चौथ्या दिवशी मीच वहिनींना "मी आंघोळीले जातो" म्हणाले.

शाळा

हेडमास्तर वानखडे सर उत्साही गृहस्थ. मी कागद मागितले तर त्यांनी जुन्या परीक्षांच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणून ठेवला. "मांगची बाजू कोरी हाये ना मॅडम." ब्रश नव्हते, म्हणून आम्ही कडुनिंबाच्या काड्या चावून त्यांची टोकं पिंजली. वर्गभर मुलं काड्या चावत बसली होती. चित्रं कशी येतील ठाऊक नव्हतं, पण दात नक्की सुधारणार होते.

योआनानं पहिल्या दिवशी सांगितलं, मनाला येईल ते काढा.

अर्ध्या तासानं ती बाकांमधून फिरली. पहिल्या बाकावर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड, वर चार पक्षी. दुसऱ्या बाकावर तेच. तिसऱ्याही. शेवटच्या बाकापर्यंत तेच डोंगर, तोच सूर्य, पक्षीसुद्धा चारच.

"ही जागा इथून जवळ आहे का?" तिनं मला विचारलं.

"नाही."

"मग कुठे आहे?"

"ही सिनरी आहे. आमच्या देशात मूल चौथीत गेलं की ती त्याच्या हातातून आपोआप बाहेर पडते."

"आणि हे झाड?"

"ते आमचं आहे, कोकणातलं. इथं ते का आणि कसं आलं, मला सांगता येणार नाही."

तिनं मुलांना विचारायला लावलं, नारळाचं झाड कोणी पाहिलंय? एक हात वर आला. "टीवीवर," तो म्हणाला.

सिनरीत वैष्णवीचा हात कोणी धरू शकत नव्हतं. ती डोंगरांना पट्टी लावायची. तालुक्याच्या स्पर्धेत तिचा दोनदा नंबर आला होता. योआनानं तिला खिडकीपाशी नेलं आणि म्हटलं, जे दिसतंय ते काढ. बाहेर हापसा होता, बांधलेली म्हैस, सोयाबीनचं शेत आणि पार मागं सातपुड्याची निळी रेघ. वैष्णवीनं सगळं नीट, आदबीनं पाहून घेतलं. मग खाली बसून दोन डोंगर आणि मधला सूर्य काढला. सातपुडा खरंच दिसत होता, त्यामुळे डोंगरांबद्दल आम्हाला तोंड उघडायला जागा नव्हती.

"म्हैस कुठाय गं?" मी विचारलं.

"म्हैस काढली तं नंबर येत नाही, मॅडम."

"कोणी सांगितलं?"

"कोनी कायले सांगन? नंबर सिनरीलेच भेटते. म्हशीले काऊन भेटन?"

मी हे शब्दशः योआनाला सांगितलं. ती बराच वेळ म्हशीकडे पाहत राहिली.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तिनं मला तिचं दुखणं सांगितलं. तिच्या शाळेनं चित्रकलेचा तास बंद केला होता. मुख्याध्यापक म्हणाले होते, मुलांना हवं ते चित्र फोनवर तयार मिळतं, शिकवायचं कशाला? तेव्हापासून तिनं स्वतःही पेन्सिल धरली नव्हती. "मला एक मूल पाहायचंय," ती म्हणाली, "जे आधी बघतं आणि मग काढतं. एकच पुरे."

"एकासाठी पोलंडहून आलीस?"

"तिकडे एकही उरलं नव्हतं."

मला तिची थट्टा करायची होती, पण झाली नाही. मला ती फार एकटी वाटली.

मग तिनं काय काय केलं! मुलांना शेतात नेलं. तिथली काळी माती चपलांना अशी चिकटली की प्रत्येक जण चार बोटं उंच होऊन परतला. कपाशीचं पान हातात देऊन डोळे मिटून चाचपायला लावलं. आजीचे हात बघून या म्हणाली. मुलं सगळं मन लावून करायची, तिच्यावर जीव टाकायची, तिच्या आखूड सलवारीचं कौतुक करायची आणि कागद मिळाला की सिनरी काढायची. दुसऱ्या आठवड्यात एकाच्या नदीकाठी हापसा आला. योआनानं तो कागद मला प्रगतीपुस्तकासारखा दाखवला. तिसऱ्या आठवड्यात हापसा गेला आणि परत झोपडी आली.

खांदमळणी

पोळ्यानंतर दोन दिवसांनी आम्हाला निघायचं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी योआना काहीतरी शेवटचं मनात धरून शाळेत आली. मोठं चित्र, सगळ्यांनी मिळून, व्हरांड्याच्या भिंतीवर. तिनं कपाट उघडलं. बॅगभर रंगाच्या बाटल्यांच्या जागी फक्त तीन उरल्या होत्या.

मी वानखडे सरांना गाठलं. "सर, रंग चोरीला गेले!"

"चोरीले कायले जातीन? म्याच वाटले."

"कोणाला?"

"पोराइले. ज्याच्या ज्याच्या घरी बैल हायेत त्याले. उद्या पोळा हाये ना, मॅडम." माझा चेहरा पाहून ते जरा गोंधळले. "पोळ्याच्या तोंडावर इतके रंग घेऊन कोनी इतक्या दुरून येत असन, तं मंग कशासाठी येत असन? म्या तं पह्यल्या दिवशीच समजलो. म्हटलं, बाईले आपल्या सणाची केवढी मालूमात हाये!"

यात एकही चूक मला काढता येईना. आमच्या कोकणात पोळा नसतो; बैल असतात, पण त्यांच्या रंगरंगोटीसाठी कोणी कपाट फोडत नाही. इथं पोळ्याच्या आदल्या दिवशी रंग भिंतीला लावणं म्हणजे दिवाळीला फराळ करून तो न खाता शोकेसात ठेवून देणं.

योआना शाळेच्या पायरीवर बसली आणि रडली. मोठ्यानं नाही, पण लपवूनही नाही. "संपलं," ती म्हणाली. उरलेल्या तीन बाटल्या पांढरी, काळी आणि तपकिरी अशा होत्या. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे सगळे मुलांनी हातोहात उचलले होते. हे तीन रंग कोणाला नको होते. वैष्णवीच्या घरी बैल नव्हते, म्हणून तिला काहीच मिळालं नव्हतं. ती कपाटापाशी उभी होती. "हे मी घेऊ का?" तिनं विचारलं. योआनानं न बघताच हात हलवला, घे.

संध्याकाळी गल्लीत घराघरांपुढं बैलांचे खांदे मळणं चाललं होतं. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर पळसाच्या पानानं तूप आणि हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेजारचे म्हातारबुवा हे इतक्या गंभीरपणे म्हणाले की योआनानं मला विचारलं, "मग ते येतात?" मी म्हटलं, माणसांपेक्षा वेळेवर येतात. ती सकाळपासून पहिल्यांदाच एवढंसं हसली.

आमच्या दारात काहीच नव्हतं. गजाननभाऊंनी ट्रॅक्टर दोनदा धुतला, एकदा पुसला, परत धुतला. मग "पारावर जाऊन येतो" म्हणून निघून गेले.

पोळा

दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ सकाळीच मारुतीच्या देवळापुढं तोरण बांधायला गेले. ज्यांच्याकडे बैल उरले नाहीत त्यांनी ट्रॅक्टर आणायचा, अशी आता गावात रीत पडली आहे. ट्रॅक्टर दुपारी आपल्या धाकट्या भावानं, संजूनं आणावा, असं ते सांगून गेले. घरात पुरण शिजत होतं. योआना डोकं दुखतंय म्हणून पडून होती. मी तिला ओढून नेलं.

देवळापुढच्या मैदानात बैल रांगेनं उभे होते आणि मी एवढे रंग एका जागी आयुष्यात पाहिले नव्हते. शिंगं निळी, जांभळी. पाठीवर ठिपके, पंजे, पट्टे. एका खोंडाच्या पोटावर एसटी होती आणि तिच्या खिडकीत माणसं. एका म्हाताऱ्या बैलाच्या बरगड्यांवर सबंध सिनरी होती; तो श्वास घेई तसे डोंगर वरखाली होत. नारळाचं झाड त्याच्या मांडीवर गेलं होतं. योआनानं ते पाहिलं आणि ती जी हसत सुटली ती खालीच बसली. वानखडे सर धावत आले. "पाहा मॅडम, तुमचाच वर्ग हाये सगळा!"

मग मागून ट्रॅक्टरांची रांग आली. झेंडूच्या माळा, केळीचे खांब, भोंगे. शेवटी आमचा लाल ट्रॅक्टर. संजू चालवत होता आणि वैष्णवी बाजूनं चालत होती, हात पाठीमागं धरून. तिची एक वेणी रंगानं पांढरी झाली होती.

दोन्ही मोठ्या मडगार्डांवर एकेक बैल होता. डावीकडे पांढरा, मानेपाशी राखाडी, एका शिंगाचं टोक तुटलेलं, खांद्यावर जुवाचा काळा घट्टा. उजवीकडचा तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा, डोळे मिटलेले. पायांचं गणित चुकलं होतं. डाव्या बैलाचे मागचे पाय एकमेकांत अडकले होते. पण मी इतकी वर्षं मुलांची चित्रं तपासली आहेत. हे बैल कुठल्या पुस्तकातले नव्हते. यांना ओळखणाऱ्या कोणीतरी ते काढले होते. मी योआनाकडे वळले तर ती उठून उभी राहिली होती आणि हसत नव्हती.

लोक आधी हसले. "गजाननभाऊ, तुमची जोडी आली ना वापस!" कोणीतरी ओरडलं. मग हसणं थांबलं, कारण गजाननभाऊ तोरणापासून चालत येत होते. मडगार्डाला चिखलाचा एक ठिपका सहन न होणारा माणूस. संजू ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला.

"हे काय केलं वं?"

"पान्यानं निघते, बाबा," वैष्णवी घाईघाईनं म्हणाली. "मी आताच धुऊन टाकतो."

ते पुढं झाले आणि पांढऱ्या बैलापुढं उभे राहिले. मग बोट पुढं केलं, पण टेकवलं नाही.

"याचं नाक ओलं काऊन दावलं?"

"सर्जाचं राहेच ना ओलं. टोपलं पुढं ठेवलं का माह्या हाताले लागे."

"अन् राजाचे डोळे मिटेल काऊन?"

"थो खाताना मिटे. तुमी पाह्यलं नाही?"

"पाह्यलं," गजाननभाऊ म्हणाले. ते एवढं हळू म्हणाले की मागच्यांना ऐकू गेलं नाही.

योआनानं माझा दंड धरला होता. तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता आणि मला भाषांतर सुचत नव्हतं. "तिनं बघितलंय," एवढंच मी म्हणाले. "मला माहीत आहे," ती म्हणाली. तिचे गाल ओले होते आणि माझेही.

तेवढ्यात तोरण तोडलं आणि पोळा फुटला. बैल घरोघर निघाले, बायका ओवाळायला पुढं झाल्या. सुनीतावहिनी ताट घेऊन आल्या. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कुंकू लावून नैवेद्य दाखवायचा, असं ठरलेलं होतं. गजाननभाऊंनी त्यांच्या ताटातली पुरणपोळी उचलली, तिचे दोन भाग केले आणि त्यातला एक पांढऱ्या बैलाच्या तोंडाशी धरला. पोळीवरचं तूप खाली ओघळलं आणि ओलं नाक आणखी ओलं झालं.

"खाय बे," ते म्हणाले.  सगळं गाव उभं होतं आणि त्यांनी डोळे पुसले नाहीत. ते तसेच, हात पुढं धरून, बराच वेळ उभे राहिले. मग दुसरा अर्धा घेऊन ट्रॅक्टरला वळसा घालून उजव्या बाजूला जायला निघाले आणि जाता जाता म्हणाले, "थांब ना बे, तुलेही देतो."